सुपरहिरोंच्या दीर्घ मालिका आणि त्या घडवणारे हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा चित्रकथा वाचण्यासाठी एकत्र बसतो. आमच्यापैकी बहुतेकांचे बालपण मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी, एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलपाशी उभे राहून फुकटात अंक चाळण्यात गेले आहे. गेल्या वर्षभरात आम्ही सुपरहिरोंच्या दीर्घकाळ चाललेल्या मालिकांवर काम केलेल्या लेखक-चित्रकारांनी आपल्या कामाविषयी जे सांगून ठेवले आहे ते वाचले आणि त्यांचे अंक शेजारी ठेवून ताडून पाहिले. त्यावर पालक, चित्रकला शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. लिहिणारा मी निवृत्त चित्रकला शिक्षक असून मते माझी आहेत. बैठकीतल्या दोघा-तिघांना त्यांतली काही मुळीच पटत नाहीत.

प्रश्न : पन्नास-साठ वर्षे चाललेली मालिका नेमकी कोणाची म्हणायची?

कायद्याने ती बहुधा प्रकाशकाची असते. सुपरमॅन १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडर-मॅन १९६२ साली प्रथम छापून आला, आणि तेव्हापासून या पात्रांना कितीतरी लेखकांनी बोलते केले आणि कितीतरी चित्रकारांनी उड्या मारायला लावल्या. हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात, तेव्हा ते आख्यान श्रोत्यांना पाठ असते आणि शेवटही ठाऊक असतो, तरी गावात नवे बुवा आले की माणसे पुन्हा मांडी घालून बसतात, कारण यांनी ते कसे लावले हे त्यांना ऐकायचे असते. सुपरहिरोच्या मालिकेचा जाणता वाचक नेमका असाच असतो. एका लेखकाने किंवा चित्रकाराने सलग केलेल्या अंकांना तो ‘रन’ म्हणतो, आणि अमक्याचा रन चांगला की तमक्याचा यावर तासभर वाद घालू शकतो. (क्रिकेटशी याचा संबंध नाही, आमच्याकडे पहिल्या बैठकीत तसा घोळ झाला होता.)

याला अपवाद आहेत. आपण ज्याला वेताळ म्हणून ओळखतो त्या फँटमची वृत्तपत्रातली पट्टी ली फॉक यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू केली आणि १९९९ साली मृत्यू येईपर्यंत ते ती लिहीत राहिले. चित्रकार मात्र बदलत गेले. रे मूर, विल्सन मकॉय आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी. एरिक लार्सन यांनी १९९२ पासून ‘सॅव्हेज ड्रॅगन’ ही मालिका स्वतःच लिहिली आहे आणि स्वतःच काढली आहे. असे उदाहरण दुर्मीळच.

प्रश्न : एका अंकावर किती माणसे काम करतात?

अमेरिकी पद्धतीचा मासिक अंक साधारण ३२ पानांचा असतो आणि त्यात गोष्टीची पाने २० ते २२ असतात. लेखक संहिता लिहितो. पेन्सिलकाम करणारा चित्रकार जाड ब्रिस्टल कागदावर, साधारण १० इंच रुंद आणि १५ इंच उंच जागेत पान आखतो, आणि छापताना ते सुमारे दोन तृतीयांश आकाराचे होते. मूळ चित्र मोठे काढण्याचे कारण आपल्या साईनबोर्ड रंगवणाऱ्यांनाही ठाऊक आहे : चित्र लहान केले की हाताची थरथर झाकली जाते. दिवसाला एक पान हा सर्वसाधारण वेग मानला जातो, म्हणजे महिन्याचा अंक वेळेवर द्यायचा तर चित्रकाराला आजारी पडायला फारशी सवड नसते. चित्रकार बदलण्याची आणि मध्येच एखादा अंक भलत्याच हाताने काढलेला दिसण्याची कारणे शोधताना वाचक मोठमोठे कलाविषयक तर्क लढवतात; पुष्कळदा कारण एवढेच असते.

पेन्सिलीवर शाई चढवणारा वेगळा असतो. इंकर म्हणजे गिरवणारा, असा समज आमच्या मुलांत आढळतो तो चुकीचा आहे. पेन्सिलीची रेघ राखाडी आणि धूसर असते. ती कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तुटकी करायची, छाया सपाट काळी भरायची की रेघांनी विणायची, हे इंकर ठरवतो, आणि एकाच चित्रकाराची पाने दोन इंकरांनी केली तर ती दोन वेगळ्या माणसांची वाटू शकतात. जॉन बर्न यांच्या ‘एक्स-मेन’मधल्या पानांवर टेरी ऑस्टिन यांची शाई आहे, बर्न यांचे इतरांनी शाई केलेले काम शेजारी ठेवून पाहा, म्हणजे हा मुद्दा सांगावा लागणार नाही.

त्यानंतर रंगकार येतो. १९८० च्या दशकापर्यंत साध्या मासिक अंकांत निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया प्रत्येकी २५, ५० आणि १०० टक्के किंवा अजिबात नाही, अशा चारच पायऱ्यांत वापरल्या जात. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ रंग. सुपरहिरोंचे पोशाख भडक का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या गुणाकारात आहे. शेवटी अक्षरलेखक फुगे आणि आवाज लिहितो. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण मराठी वाचकाचा खरा प्रश्न तिथेच अडतो. संपादक मात्र प्रत्येक टप्प्यावर असतो.

प्रश्न : आधी गोष्ट लिहिली जाते की आधी चित्र काढले जाते?

दोन्ही पद्धती आहेत. पूर्ण संहितेच्या पद्धतीत लेखक पानागणिक आणि चौकटीगणिक वर्णन व संवाद लिहून देतो. दुसऱ्या पद्धतीला मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या नावावरून ‘मार्व्हल पद्धत’ म्हणतात. तिच्यात लेखक कथासूत्र थोडक्यात सांगतो, कधी लिहून तर कधी नुसते तोंडी. चित्रकार पाने काढतो, कुठला प्रसंग किती चौकटींत मांडायचा ते ठरवतो, आणि चित्रे हाती आल्यावर लेखक संवाद भरतो. १९६० च्या दशकात तिथले लेखक-संपादक स्टॅन ली एकाच वेळी अनेक मालिका लिहीत होते, आणि ही पद्धत त्या निकडीतून रूढ झाली.

या पद्धतीत गोष्ट सांगण्याचे निम्म्याहून अधिक काम चित्रकार करतो असे माझे मत आहे. पात्र कुठे थांबले, कोणाकडे पाहिले, धक्का पान उलटल्यावर बसणार की त्याआधी, हे सगळे संवाद लिहिण्यापूर्वीच ठरलेले असते. मानपट्टीत, म्हणजे अंकावर कर्त्यांची नावे छापतात त्या ओळीत, मात्र बराच काळ ‘लेखक’ आणि ‘चित्रकार’ अशी सरळ वाटणी छापली गेली. पुढचे बहुतेक वाद या एका ओळीतून उगवले आहेत. ‘फँटास्टिक फोर’ ही मालिका ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६१ ते १९७० या काळात सलग १०२ अंक केली; तिच्यातले काय कोणाचे, हा प्रश्न दोघांच्या पश्चातही मिटलेला नाही.

प्रश्न : मग स्पायडर-मॅनचा जनक कोण?

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको. हे दोघे सोडून एकच नाव सांगणाऱ्याशी आमच्या बैठकीत वाद होतो.

ली यांनी आयुष्यभर भरपूर मुलाखती दिल्या आणि त्या रंगतदार असत. डिटको १९६६ साली, ३८ व्या अंकानंतर मालिका सोडून गेले, पुढे मुलाखती देणे त्यांनी जवळजवळ बंदच केले आणि २०१८ साली मृत्यू येईपर्यंत आपले म्हणणे लेखांतूनच मांडले. परिणाम असा झाला की एका बाजूचे किस्से सर्वांच्या तोंडी आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे मोजक्या जिज्ञासूंच्या कपाटात. गप्पिष्ट माणसाची आठवण खरी आणि अबोल माणसाची खोटी, असे गावच्या पारावरही कोणी मानत नाही. कॉमिक्सच्या इतिहासात मात्र बराच काळ तसे मानले गेले.

३९ व्या अंकापासून जॉन रोमिटा आले. त्याआधी त्यांनी प्रेमकथांच्या अंकांसाठी पुष्कळ काम केले होते. सुरुवातीला आपण डिटकोंच्या रेषेची नक्कल करत होतो, कारण ते लवकरच परत येतील असे आपल्याला वाटत होते, असे रोमिटा यांनी सांगितले आहे. दुसऱ्याच्या घरात तात्पुरते राहायला आलेल्या माणसाने भिंतीला खिळा ठोकू नये, तसे ते सुरुवातीचे अंक दिसतात. मग हळूहळू पीटर पार्करचे, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचे, खांदे सरळ होतात, चेहरे देखणे होतात, मुली अधिक सुंदर दिसू लागतात, आणि आज जगभर ओळखीचा झालेला स्पायडर-मॅन बराचसा याच हातचा आहे. मला स्वतःला डिटकोंचा कुबडा, अवघडलेला, बोटे वाकडी करून भिंतीला चिकटणारा मुलगा अधिक खरा वाटतो.

प्रश्न : ग्वेन स्टेसीला मारण्याचा निर्णय कोणाचा होता?

स्पायडर-मॅनच्या मालिकेतल्या जून १९७३ च्या १२१ व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन मरते. लेखक होते जेरी कॉनवे, वय वर्षे वीस. पेन्सिल गिल केन यांची. शाई मुख्यतः रोमिटा यांची. कोणीतरी जवळचे माणूस मारायचे असे ठरल्यावर प्रथम पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंचा विचार झाला आणि ग्वेनचे नाव रोमिटा यांनी सुचवले, अशी हकिगत सांगितली जाते. वाचक खवळले, तेव्हा स्टॅन ली यांनी हा निर्णय आपल्याला नीट ठाऊक नव्हता अशा अर्थाचे बोलायला सुरुवात केली. इतरांना ते मान्य नव्हते.

परंतु या अंकातली सर्वांत मोठी गोष्ट चार इंग्रजी अक्षरांची आहे. पुलावरून पडणाऱ्या ग्वेनचा पाय स्पायडर-मॅनचे जाळे पकडते, आणि तिच्या मानेपाशी लहान अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलेला आहे. म्हणजे ती पडून मेली की वाचवताना बसलेल्या हिसक्याने, हा प्रश्न त्या चार अक्षरांनी उभा केला, आणि पुढे १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी हिसक्यानेच ती गेली असे स्पष्ट केले. चित्रात ते दिसत नाही, संवादात ते नाही. केवळ आवाजात आहे. हा अंक मराठीत करायचा तर तिथे काय लिहावे, यावर आमची एक अख्खी बैठक गेली. ‘काडकन’ फार मोठे आणि लाकडाचे वाटते. ‘कट्’ वर मत पडले, पण मला अजून खात्री नाही.

प्रश्न : एकच मालिका सोळा वर्षे लिहिणे कसे शक्य होते?

हा प्रश्न ख्रिस क्लेअरमाँट यांच्याविषयी असतो. ‘एक्स-मेन’ ही मालिका १९६३ साली ली आणि कर्बी यांनी सुरू केली. ती फारशी चालली नाही, आणि १९७० च्या अखेरीपासून ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ साली लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवे, निरनिराळ्या देशांचे सभासद आणून ती पुन्हा उभी केली आणि लगेच ९४ व्या अंकापासून लेखन क्लेअरमाँट यांच्याकडे आले. १९९१ पर्यंत ते त्यांच्याकडेच होते.

मालिका पडीक होती म्हणून हे शक्य झाले, असे मला वाटते. कोणाचे लक्ष नसलेल्या रानात माणूस आपल्या मनासारखे पीक घेऊन पाहू शकतो. क्लेअरमाँट एखादे बीज एका अंकात टाकून वर्ष-दोन वर्षांनी उगवू देत; एखादे पात्र तीन चौकटींपुरते येऊन जाई आणि वाचक त्याची वाट पाहत बसे. संवाद लांबलचक असत, इतके की ते फुग्यांत बसवणाऱ्या टॉम ऑर्झेकोव्स्की या अक्षरलेखकाचे कौतुक वेगळे करावे लागते. चित्रकार बदलले की मालिकेचा कलही बदले : कॉक्रम यांना अंतराळ आणि समुद्री चाचे प्रिय, बर्न यांना रेखीव कृती, आणि दोघांच्या काळातले क्लेअरमाँटही वेगळे वाटतात.

सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकाची कथा मात्र सर्वांनी वाचावी. जीन ग्रे ही नायिका फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीच्या अमलाखाली एक सूर्य गिळते आणि त्याच्या ग्रहावरचे सगळे जीव मरतात. लेखक-चित्रकारांनी ठरवलेल्या शेवटी तिची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी आक्षेप घेतला की एवढ्या संहारानंतर तिला इतक्या सहज सोडता येणार नाही. अखेरची पाने नव्याने काढली गेली आणि छापलेल्या अंकात ती स्वतःच आपला शेवट करते. प्रकाशकाने १९८४ साली आधीचा शेवट स्वतंत्र अंकात छापला आणि सोबत शूटर, क्लेअरमाँट, बर्न आदींची त्यावरची चर्चाही दिली. निर्मात्यांनी आपल्या कामाविषयी बोलावे कसे, याचा तो उत्तम नमुना आहे, कारण ते एकमेकांसमोर बसून बोलत आहेत आणि मूळ पाने वाचकाच्या हातात आहेत.

माझे मत विचाराल तर संपादकाचे म्हणणे बरोबर होते. पुढे १९८६ साली जीनला परत आणले गेले. आख्यानात मेलेला पुन्हा उठतो हे आपल्यालाही नवे नाही, पण इथे ते वाईट वाटते.

प्रश्न : इतकी वर्षे झाली तरी या पात्रांचे वय का वाढत नाही?

काळ सरकत ठेवतात म्हणून. आयर्न मॅन १९६३ साली व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता; पुढे तीच घटना अफगाणिस्तानात नेली गेली, कारण नाहीतर नायक काठी टेकत चालला असता. ‘सॅव्हेज ड्रॅगन’मध्ये पात्रे खऱ्या वर्षांप्रमाणे म्हातारी होतात. वेताळाची युक्ती मला सर्वांत आवडते : तो एकविसावा आहे, बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलातली माणसे त्याला अमर समजतात.

प्रश्न : या मंडळींना पैसा मिळाला का?

अनेकांना मिळाला नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले, म्हणजे १३ पानांचे पानी १० डॉलर. १९७५ साली, पहिला मोठा चित्रपट तयार होत असताना आणि वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर, त्यांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचे मानधन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले. बॅटमॅनचे श्रेय कितीतरी वर्षे एकट्या बॉब केन यांचे होते. त्याच्या निर्मितीत वाटा असलेले लेखक बिल फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले २०१५ साली. १९९२ साली टॉड मॅकफार्लेन, जिम ली, लार्सन आदी चित्रकारांनी मोठ्या प्रकाशकांचे काम सोडून इमेज कॉमिक्स उभी केली, जिथे पात्राचा हक्क निर्मात्याकडे राहतो. यातले जिम ली म्हणजे क्लेअरमाँट यांच्यासोबत १९९१ चा ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक काढणारे, त्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या.

आपल्याकडचे तरुण चित्रकार हा प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना १९५७ चा प्रताधिकार कायदा वाचायला सांगतो. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हक्क दुसऱ्याला देणे लेखी असावे लागते, आणि कलम १९ प्रमाणे त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही हे काम माझे आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. पहिले चित्र छापून येणार या आनंदात कोऱ्या पावतीवर सही करू नये.

प्रश्न : भारतात अशी दीर्घ मालिका झाली आहे का?

झाली आहे, आणि मराठवाड्याने ती बरीचशी हिंदीतून वाचली. १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अंक अमर चित्रकथेसाठी चित्रे काढणाऱ्या प्रताप मुळीक यांनी काढले. १९८७ साली सुपर कमांडो ध्रुव आला, आणि त्याचे लेखन व चित्रण दोन्ही अनुपम सिन्हा यांचे. पुढे नागराजही सिन्हांच्या हाती आला आणि पात्राचा बांधाच पालटला. डिटकोंनंतर रोमिटा आल्यावर जे झाले तेच इथे झाले, फक्त त्यावर आपल्याकडे कोणी लिहिले नाही. आमच्या लहानपणी हे अंक भाड्याने मिळत आणि परत करताना दुकानदार पाने मोजून घेई.

त्याआधी इंद्रजाल कॉमिक्स होते, मार्च १९६४ ते १९९०, आणि ते मराठीतही निघत. त्यांतल्या वेताळाचा विक्रमाच्या वेताळाशी काही संबंध नव्हता, तरी आमच्या गल्लीत दोघे एकच आहेत असे मानणारा एक मोठा गट होता. १९७६ साली आबिद सुरती यांनी तिथेच बहादूर हा भारतीय नायक आणला. २००४ साली ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ आली, तिच्यात शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटरचा पवित्र प्रभाकर केला आणि धोतर नेसवून मुंबईत सोडला. ती चारच अंक चालली, म्हणून दीर्घ म्हणता येत नाही.

प्रश्न : मराठीत सुपरहिरोचे संवाद कृत्रिम का वाटतात?

पहिले कारण अक्षरांचे आहे. इंग्रजी फुग्यांत सगळी मोठी अक्षरे असतात, म्हणजे प्रत्येक ओळ एकाच उंचीची पट्टी होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी मुलांबरोबर आठ पानांची चित्रकथा केली होती. इंग्रजी अंकातल्यासारखे फुगे आधी काढून ठेवले आणि नंतर मराठी लिहायला गेलो तेव्हा प्रत्येक फुग्यात दोन शब्द उरत होते. तेव्हापासून माझा नियम असा : आधी अक्षर, मग फुगा, मग माणसाचे डोके. ठळकपणासाठी इंग्रजीत अक्षर तिरके करतात, पण देवनागरी तिरकी केली की शिरोरेषा घसरगुंडी होते. तिथे जाड निब वापरावी. डावीकडून उजवीकडे वाचन असल्याने आपल्याला पान उलटे करावे लागत नाही, हा मात्र फायदा आहे. उर्दूत अंक करायचा तर चौकटींचा क्रमच फिरवावा लागतो.

दुसरे कारण नात्यांचे आहे. पीटर ज्यांच्याकडे वाढतो ते बेन त्याच्या वडिलांचे भाऊ. म्हणजे ते काका आणि मे ही काकू. ‘मे आंटी’ लिहिले की ती शेजारीण होते. तो तिला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? आमच्याकडे घरातल्या काकूला ‘तू’ म्हणणारी घरे आहेत आणि ‘तुम्ही’ म्हणणारीही. अनुवादकाने एक घर निवडावे आणि शेवटपर्यंत तिथेच राहावे. बॅटमॅन आपल्या घरच्या जुन्या नोकराला, आल्फ्रेडला, एका पानावर ‘अरे’ आणि पुढच्या पानावर ‘अहो’ म्हणत असेल तर वाचकाचा विश्वास उडतो.

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे. धाडकन, खाडकन, सपकन, टचकन, खळ्ळकन. शिवाय धाडदिशी आणि सपदिशी. अडचण इतकीच की ‘कन’ आणि ‘दिशी’ लागले की तो शब्द क्रियापदाची वाट पाहतो. चित्रातच क्रिया असल्यामुळे शेपूट कापून ‘धाड्’, ‘सप्’, ‘खळ्ळ’ एवढेच ठेवावे.

प्रश्न : अजिंठा ही जगातली पहिली चित्रकथा नव्हे का?

‘पहिली’ हा शब्द सोडून द्यावा. पण सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकासमोर मुलांना उभे केले की तोच राजपुत्र एका भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो आणि मध्ये चौकटीची रेघ नसतानाही गोष्ट पुढे सरकते, हे त्यांच्या लगेच लक्षात येते. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायण आणि महाभारताचे प्रसंग आडव्या पट्ट्यांत कोरलेले आहेत. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची पाने तर एकेक करून दाखवत, गात सांगण्यासाठीच होती. सुपरहिरोची मालिका यातून आली असे मात्र नाही. ती अमेरिकेतल्या वृत्तपत्री पट्ट्यांतून आणि स्वस्त कथा-मासिकांतून आली.

प्रश्न : वाचायला कोणत्या अंकापासून सुरुवात करावी?

पहिल्या अंकापासून नको. एक रन निवडावा आणि तो पुरा वाचावा.

प्रश्न : आमच्या मुलीला चित्रकथा काढायच्या आहेत. काय करावे?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा तिने जरूर द्याव्यात, पण त्यांत स्थिरचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव होतो. एका चौकटीतून दुसरीत कसे जायचे ते तिथे शिकवत नाहीत. त्यासाठी तिला घरातलाच एक प्रसंग द्यावा. उदाहरणार्थ, टँकर आला आहे, आई हंडा घेऊन धावते आणि रांगेत भांडण होते. हा प्रसंग एका पानात, सहा चौकटींत आणि एकही शब्द न लिहिता काढायला सांगावा. मग तेच पान ज्याला प्रसंग माहीत नाही अशा माणसाला दाखवावे आणि तो कुठे अडखळतो ते तिला शांतपणे पाहू द्यावे. समजावून सांगू देऊ नये. पंख असलेला नायक त्या रांगेत सातव्या चौकटीत उतरवायचा असेल तर खुशाल उतरवावा.

साहित्य साधे चालते : जाड ड्रॉइंग पेपर, एचबी पेन्सिल, काळी शाई, एक बारीक ब्रश. छापायला देताना कडेला अर्धा इंच जागा सोडावी. आमच्या हस्तलिखिताची पुढे छापील प्रत काढली तेव्हा छापखान्याने कडा कापताना शेवटच्या पानावरचा खलनायक निम्मा कापला, आणि आठवीतल्या एका मुलाने तो पुढच्या अंकात तसाच, एका हाताचा, परत आणला.